रिपोर्ट नॉर्मल आहे

वहिनीच्या डोक्याचा एमआरआय नॉर्मल आला तेव्हा घरात सगळ्यांना हायसं वाटलं, तिला सोडून. दादाने मुंबई नाक्यावरून रिपोर्ट घेऊन येता येता पेढ्यांचा बॉक्स आणला, आईने देवापुढे साखर ठेवली, मी फॅमिली ग्रुपवर 'सगळं ओके' टाकलं आणि त्याखाली हात जोडलेल्यांची रांग लागली. वहिनी मात्र ती काळी फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून एकेक चौकोन नीट बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे काहीच नाही?" दादा म्हणाला, अगं चांगलंच आहे ना मग. तिने फिल्म पाकिटात घातली, हं म्हणाली आणि पुढच्या खोलीत पिकोच्या मशीनवर जाऊन बसली. पेढा काही तिने घेतला नाही.

मला ते "काहीच नाही?" पुढे कितीतरी दिवस खटकत राहिलं. आपल्या मेंदूत गाठ नाही याचं कुणाला वाईट कसं वाटेल?

आम्ही नाशिकला पंचवटीत राहतो, दिंडोरी नाक्याच्या आतल्या गल्लीत. वहिनी घरीच फॉल-पिको आणि ब्लाउज करते, लग्नसराईत तर पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसते, सगळीकडे चिठ्ठी टाचलेल्या पिशव्या. मान खाली घालून, नजर सुईवर, डोक्यावर एक पांढरा बल्ब जो तिला सहन होत नाही पण काळ्या कापडावर काळा टाका दिसायला लागतोच. तिचं डोकं दुखतं हे घरात इतकं जुनं झालंय की ते कधी सुरू झालं हे कुणालाच सांगता येत नाही. बहुतेक दिवशी उठल्यापासूनच असतं म्हणते, दोन्ही बाजूंनी आवळल्यासारखं, खूप नाही पण सुटतही नाही, काम करता येतं, बोलता येतं, हसताही येतं. आणि मग मधूनच एखादा दिवस वेगळा उगवतो. उजवी कानशिलाची शीर ठणकायला लागते, डोळ्याच्या मागे दुखतं, उजेड नको, फोडणीचा वास नको, जिना चढला तरी ठोके वाढतात, मग मधल्या खोलीच्या खिडकीला काळा परकर लटकतो आणि आम्ही सगळे पाय न वाजवता चालायला लागतो. बामचा वास तर इतका मुरलेला की एकदा एका काकूंनी तोंडावर सांगितलं, ब्लाउज छान बसलंय गं पण त्याला बामचा वास येतोय, लग्नात कसं घालू. त्यानंतर वहिनीने बाम सोडला आणि कपाळाला ओढणी घट्ट बांधून बसायला लागली. बाम सोडल्याचं दुःख नव्हतं तिला, पण ते वाक्य ती अजून नक्कल करून दाखवते.

रोजच्या दुखण्याचं असंच असतं. रोज मरे त्याला कोण रडे. ताप आला तर माणसं उशाशी बसतात, पाय मोडला तर प्लास्टरवर सही करतात, डोकं दुखतंय म्हणलं की आधी विचारतात जेवलीस का, मग विचारतात झोपली होतीस का, आणि महिनाभराने विचारणंच बंद होतं. खरं सांगायचं तर वैतागही यायचा. मॅच चालू आहे आणि टीव्ही म्यूटवर, गणपतीत सगळं नाशिक ढोलाच्या नादाने वेडं झालेलं आणि आमच्या घरात दारं-खिडक्या बंद, कुणाच्या लग्नाला निघायचं तर शेवटच्या क्षणी "तुम्ही जा, मी नाही येत". नातेवाइकांत हळूहळू कुजबुज सुरू झाली की कामाच्या वेळी बरं दुखतं हिचं. हे तिच्या कानावर गेलेलं नव्हतं असं समजायला आम्ही काही इतके भोळे नाही.

आईचं निदान पहिल्या दिवसापासून एकच, पित्त. आणि पुरावाही पक्का, उलटी झाली की बरं वाटतं ना, मग? आमच्याकडे कुठल्याही डोकेदुखीचा तपास पित्तापाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो. त्यामुळे उपायही त्याच वाटेचे, मोरावळा, कोकम, सुंठ उगाळून कपाळाला लेप, नाकात गाईच्या तुपाचे दोन थेंब. अर्धशिशीला सूर्य उगवायच्या आत दूध-जिलेबी खायची असा एक उपाय मामींनी सांगितला, तेव्हा दादा आदल्या रात्री जिलेबी आणून ठेवायचा आणि पहाटेच्या काळोखात वहिनी गार दुधात ती बुडवून खात बसायची. डोकं काही थांबलं नाही, पण त्या दिवसांची आठवण काढली की दादा अजून हसतो, कारण उरलेली अर्धी जिलेबी रोज तोच संपवायचा. पित्ताची गंमत पुढे डॉक्टरांकडून कळली. मायग्रेनच्या, म्हणजे अर्धशिशीच्याच, अटॅकमध्ये पोटाचं कामच मंदावतं, मळमळ आणि उलटी हा त्या अटॅकचाच भाग, म्हणजे पित्ताने डोकं चढत नाही, डोक्यामुळे पोट बिघडतं. बऱ्याच जणांना उलटीनंतर उतार पडतो हेही खरं. आईने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर मोरावळ्याची बरणी पुढे केली.

पित्तानंतर डोळे. चष्मा लागला, पाव नंबरचा, तो आता मशीनच्या ड्रॉवरमध्ये बॉबिनच्या डबीशेजारी पडलेला असतो. मग सायनस, कारण कपाळ दुखतं आणि अटॅकच्या वेळी नाकही गळतं, त्यात नाशिकची थंडी, निफाडचा पारा पेपरात छापून यायला लागला की आमच्याकडे वाफारा सुरू. नाक गळणं, डोळ्यात पाणी हे मायग्रेनमध्येही होतं हे तेव्हा कुणी सांगितलं नाही, अँटिबायोटिकचे कोर्स मात्र झाले. मग एक अक्कलदाढ काढून झाली. मग मानेचे व्यायाम, जे खरंतर बरे होते पण लग्नसराई आली आणि राहिले. शेवटी एका डॉक्टरांनी एमआरआय लिहून दिला, तो नॉर्मल आला, आणि त्यावर त्यांनी एकच वाक्य म्हणलं, "टेन्शन घेत जाऊ नका." टेन्शन घेत जाऊ नका! लग्नाच्या सीझनला वीस ब्लाउज कापून पडलेल्या बाईला.

या सगळ्यात गोळीचं कुणी विचारलंच नव्हतं. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधला पोरगा वहिनीला रस्त्यापलीकडून येताना बघूनच मागच्या खणातून स्ट्रिप काढून काउंटरवर ठेवायचा, बोलायची गरजच पडायची नाही. पॅरासिटामॉल, कॅफिन आणि सोबत आणखी एक वेदनाशामक अशी ती मिक्स गोळी, प्रिस्क्रिप्शन लागत नाही, पैसेही फार नाहीत. आधी अर्धी घ्यायची, मग एक, मग सकाळच्या चहाबरोबर एक ठरलेली, मग बाहेर जायचंय तर दुखायच्या आधीच एक. रिकाम्या पोटी गोळी म्हणून जळजळ, जळजळीसाठी पुन्हा ॲसिडिटीची गोळी, आणि आईला त्यात पित्ताचा आणखी एक पुरावा. डब्यात तांदूळ संपत आले की जशी नोंद होते तशीच स्ट्रिप संपत आल्याची घरात व्हायची, दादा येताना आणायचा, कधी मी.

न्यूरोकडे, म्हणजे मेंदू-नसांच्या डॉक्टरांकडे, जायचं ठरलं ते एमआरआयनंतर बऱ्याच दिवसांनी, आणि वहिनी तयार नव्हती. रिपोर्ट नॉर्मल आहे तर कशाला पैसे घालायचे, असं म्हणायची. दादाची अंबडला शिफ्ट, म्हणून घेऊन मी गेलो. कॅनडा कॉर्नरच्या बाजूला दवाखाना, बाहेर चपलांचा ढीग, आत बसलेल्यांत निम्म्याहून जास्त बायका, दोघी-तिघींच्या कपाळाला वहिनीसारखीच ओढणी. शेजारी सातपूरच्या कंपनीतला एक माणूस बसला होता. त्याचं म्हणणं असं की त्याचं डोकं एका रविवारी दुपारी दुखायला लागलं, जेवण झालं होतं, मॅच लावली होती, आणि तेव्हापासून ते एक क्षणही थांबलेलं नाही. तारीख सांगत होता बिचारा, लग्नाची सांगावी तशी. मला तेव्हा ते अतिशयोक्ती वाटलं. नंतर कळलं की असा एक प्रकार खरोखर आहे, आधी कधी फारसं न दुखलेलं डोकं एका दिवशी धरतं आणि धरूनच ठेवतं, आणि पेशंटला तो दिवस स्वच्छ आठवतो. वॅनास्ट नावाच्या डॉक्टरांनी १९८६ मध्ये त्याचं पहिलं वर्णन केलं, आणि औषधांना दाद द्यायच्या बाबतीत तो प्रकार फार हट्टी समजतात. त्या माणसाचं पुढे काय झालं माहीत नाही.

डॉक्टरांनी फिल्म व्ह्यूअरवर लावली, अर्धा मिनिट बघितली, काढून ठेवली. "हे चांगलं आहे. आता तुमच्याबद्दल बोलू." वहिनी सावरून बसली. मला वाटलं विचारतील किती दिवस दुखतं, पण त्यांनी उलटं विचारलं, महिन्यात असे किती दिवस असतात की डोकं अजिबात दुखत नाही? वहिनीने माझ्याकडे बघितलं. मी वहिनीकडे. मग ती म्हणाली, "नसतात." हा शब्द तिने पहिल्यांदाच मोठ्याने म्हणला असणार, कारण म्हणून झाल्यावर तीच जरा दचकली. मग एकामागे एक प्रश्न, कधी सुरू झालं तो दिवस आठवतो का, एकाच बाजूला कायम असतं का, त्या बाजूचा डोळा लाल होतो का, आडवं झाल्यावर किंवा खोकल्यावर वाढतं का, डोळ्यापुढे अंधारी येते का, वजन वाढलंय का, पाळीच्या आसपास काय होतं, तिच्या आईचं दुखायचं का. दुखायचं. तिची आई भाकरी थापताना कपाळाला फडकं बांधून बसायची हे तिला तिथे खुर्चीत बसल्यावर आठवलं.

मग खोलीतला लाइट बंद करून डॉक्टरांनी एक छोटंसं दुर्बिणीसारखं यंत्र तिच्या डोळ्याला जवळजवळ टेकवलं, इतकं जवळ की दोघांचे श्वास थांबल्यागत झाले, आणि बराच वेळ आत बघत राहिले. डोळ्याच्या मागच्या नसेला सूज आहे का ते बघतात म्हणे, कवटीतला दाब वाढला असेल तर ती तिथे दिसते, आणि अशा दाबाने दुखणाऱ्यांचा एमआरआयही कधीकधी जवळपास साफ असतो. सूज नव्हती. मग कानशिलं दाबून बघितली, मानेच्या मागे जिथे कवटी सुरू होते तिथे अंगठा रोवला तेव्हा वहिनी ओरडलीच, आणि म्हणाली की दाबलं मागे आणि कळ आली पुढे भुवईत. डॉक्टर म्हणाले बरोबर आहे, मानेच्या वरच्या नसा आणि चेहऱ्याची नस मेंदूच्या बुंध्यात एकाच ठिकाणी येऊन मिळतात, त्यामुळे असा गोंधळ होतो. आणि मेंदूला स्वतःला दुखतच नाही. दुखतं ते त्याच्या आवरणांना, रक्तवाहिन्यांना, नसांना. मला हे फार अजब वाटलं, ज्याला सगळं अंग दुखलेलं कळतं त्याला स्वतःचं दुखणं नाही.

निदान दोन ओळींचं होतं. महिन्यात १५ किंवा जास्त दिवस डोकेदुखी, तीन महिन्यांहून जास्त काळ, आणि त्यातले किमान ८ दिवस मायग्रेनचे, तर त्याला क्रॉनिक मायग्रेन म्हणतात. हे एक. आणि त्याच्यावर चढलेलं दुसरं, गोळ्यांमुळे होणारी डोकेदुखी. साधी पॅरासिटामॉलसारखी गोळी महिन्यात १५ दिवस, किंवा मिक्स गोळ्या १० दिवस, असं तीन महिन्यांवर गेलं की मायग्रेनवाल्या डोक्याला त्या गोळीचीच सवय लागते, गोळीचा असर उतरला की दुखतं, म्हणून पुन्हा गोळी. त्यात कॅफिन, म्हणजे चहा चुकला की जे डोकं धरतं ते वेगळंच. डॉक्टरांनी विचारलं तुम्ही महिन्यात किती दिवस घेता, वहिनी म्हणाली, "सगळे."

यावर घरी आल्यावर आईने जो मुद्दा काढला त्याला तोड नाही. आई गुडघ्यांसाठी वर्षानुवर्षं रोज वेदनाशामक घेते. "मग माझं कुठे दुखतं डोकं?" मला उत्तर देता येईना. पुढच्या व्हिजिटला मी मुद्दाम विचारलं तर डॉक्टर हसले, म्हणाले आईंचा प्रश्न एकदम बरोबर आहे. ज्यांना मुळात डोकेदुखीची प्रवृत्ती नाही त्यांनी सांधेदुखीसाठी, कंबरेसाठी रोज गोळी घेतली तरी डोकं सहसा दुखायला लागत नाही. हे त्या गोळीचं आणि मायग्रेनवाल्या डोक्याचं आपसातलं प्रकरण आहे. (गुडघ्याच्या गोळ्या किडनीला काय करतात तो विषय त्यांनी वेगळा काढला, आईने तो ऐकायचा नाकारला.)

नॉर्मल रिपोर्टचं कोडं मला सुटलं ते तिथून परतताना, आणि तेही माझ्या हुशारीने नाही. रिक्षात वहिनी आपणहून म्हणाली, "भाऊजी, माझं मशीन बघा, फोटो काढला तर एक नंबर दिसेल. सुई सरळ, पट्टा जागेवर. पण धाग्याचं टेन्शन बिघडलं असलं तर टाका उसवणारच ना, फोटोत कसं दिसेल ते?" इतकी वर्षं तिची बाजू मांडायला घरात काही नव्हतं. चष्म्याचा नंबर पाव, दाढ काढली, सायनस नाही, आणि शेवटी एवढ्या मोठ्या मशीनने, त्या ठकठक आवाजात वीसेक मिनिटं कानात कापूस घालून पडून राहिल्यावर, लिहून दिलं की काही नाही. आम्ही सगळे सुटलो त्या कागदाने. तिच्यासाठी तो कागद म्हणजे कुजबुजणाऱ्या सगळ्यांच्या हातात दिलेलं सर्टिफिकेट होतं. न्यूरोंनी लेटरपॅडवर लिहिलेल्या त्या दोन ओळी तिने झेरॉक्स काढून आणल्या. दादाला दिल्या, एक आईच्या पोथीत ठेवली.

पण म्हणून एमआरआय फुकट जातो असं नाही, हे इथे लिहून टाकतो, नाहीतर कुणीतरी माझा हवाला देऊन घरी बसेल. आयुष्यात कधी नव्हतं इतकं भयंकर डोकं एकदम क्षणात फुटल्यागत दुखलं तर थेट हॉस्पिटल गाठायचं, वाट बघायची नाही. ताप आणि मान आखडलीये, हातापायातली ताकद गेली, बोलताना जीभ अडखळतेय, फिट आली, दोन दोन दिसायला लागलं, डोक्याला मार लागल्यानंतर दुखणं वाढत चाललंय, गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नवीनच सुरू झालं, कॅन्सरची हिस्टरी आहे, या सगळ्यांत तपासण्या लागतातच. आणि पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं रोजचं दुखणं सुरू झालं, कानशील हात लावू देत नाही, घास चावताना जबडा दुखतो, तर ते त्याच दिवशी दाखवायचं, त्यात नजर जाऊ शकते. बाकी कायम एकाच बाजूला दुखणारा एक प्रकार आहे, त्यात त्या बाजूच्या डोळ्यातून पाणी येतं, आणि तो इंडोमेथासिन नावाच्या एकाच औषधाने पूर्ण थांबतो, इतका की औषध लागू पडलं यावरूनच निदान पक्कं करतात. असं सरळ उत्तर वहिनीच्या वाट्याला आलं नाही.

तिच्या वाट्याला आलं ते गोळी बंद. एकदम बंद. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की पहिला आठवडा-दहा दिवस दुखणं वाढेल, मळमळेल, झोप उडेल, चिडचिड होईल. ऐकताना आम्ही माना डोलावल्या. प्रत्यक्षात तिसऱ्या रात्री ती स्वयंपाकघरात फरशीवर बसून फ्रिजच्या दाराला कपाळ टेकवून होती, त्या पत्र्याच्या गारव्यासाठी, आणि दादा दारात उभा, एका हातात गाडीची चावी. मेडिकल उघडं असतं त्या वेळी. तो गेला नाही, पण चावी ठेवायला त्याला खूप वेळ लागला. मधल्या दिवसांपुरती डॉक्टरांनी एक वेगळी गोळी दिलेली, मोजून, उलटीची वेगळी. मी त्या मेडिकलच्या पोराला जाऊन सांगितलं की वहिनी आल्या तर देऊ नको बाबा. तो कानकोंडा झाला, म्हणाला, "दादा मी नाही दिली तर त्या पुढच्या मेडिकलला जातील ना." खरंच होतं. दिंडोरी रोडला पंधरा पावलांवर दुसरं मेडिकल आहे.

रोज घ्यायचं औषध म्हणून अमिट्रिप्टिलीन आलं, १० मिलिग्रॅम, रात्री. दादाने नाव गुगल केलं आणि घरात दंगा. डिप्रेशनची गोळी! वहिनी त्या रात्री खूप दुखावली, म्हणजे शेवटी फिरून तिथेच आलो का, माझ्या डोक्यात काहीतरी आहे असंच ना. मी डॉक्टरांना फोन लावला तर त्यांना हे रोजचंच होतं. डिप्रेशनला हे औषध ७५-१५० मिलिग्रॅमपर्यंत जातं, दहा हे दुखण्याच्या नसांसाठी, या डोसला मूडचा काही संबंध नाही. औषधांचं असं असतंच म्हणाले, मायग्रेनला देतात ते प्रोप्रानोलॉल मूळ हृदयासाठीचं, छातीदुखीच्या पेशंटला देताना १९६६ मध्ये लक्षात आलं की त्याची अर्धशिशीही थांबली. वहिनीला लहानपणी दमा होता म्हणून ते द्यायचं नाही. टोपिरामेट आहे, त्याने हातापायाला मुंग्या येतात, शब्द पटकन आठवत नाहीत. फ्लुनारिझिन आहे, झोप येते आणि वजन वाढतं. थोडक्यात प्रत्येकाची काहीतरी किंमत. अमिट्रिप्टिलीनने तोंडाला कोरड पडते, वहिनी आता मशीनवर पाण्याची बाटली घेऊन बसते, आणि सकाळी तासभर गुंगी. पण ती झोपायला लागली. असर कळायला चार-सहा आठवडे लागतात हे कुणी तिच्या कानी-कपाळी सांगितलं नसतं तर दुसऱ्या आठवड्यात बंदच केलं असतं तिने.

दादाच्या डोक्यात मधेच बोटॉक्स आलं, सुरकुत्यांसाठी घेतात ते इंजेक्शन. कपाळ, कानशिलं, मान, खांदे मिळून ३१ ठिकाणी १५५ युनिट, दर १२ आठवड्यांनी, अमेरिकेत २०१० मध्ये क्रॉनिक मायग्रेनसाठी मंजूर झालं. वहिनी म्हणाली सुरकुत्या पण जातील का, तर चला. पुढे २०१८ पासून मायग्रेनसाठीच बनवलेली इंजेक्शनं आलीत, दुखण्याचा निरोप नेणारा सीजीआरपी नावाचा जो पदार्थ आहे त्यालाच अडवणारी, त्या शोधाला २०२१ चा ब्रेन प्राइज मिळाला. वाचायला भारी वाटतं. किमती ऐकल्यावर किती ब्लाउजमागे एक इंजेक्शन हा हिशोब वहिनीने तोंडी करून दाखवला आणि विषय संपला.

खरी लढाई झाली ती कालनिर्णयवर. डायरी ठेवा म्हणाले होते, ती दोन दिवस चालली. मग वहिनीने भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकोनात खुणा सुरू केल्या, दुधाच्या हिशोबाशेजारी. साधं दुखलं तर निळं टिंब, उलटीवालं असेल तर लाल, गोळी घेतली तर फुली. महिना भरला तसं आईलाही दिसायला लागलं की लाल टिंबं चतुर्थीच्या खाली येतायत, पाळीच्या आधी येतायत, जागरणानंतर येतायत. संकष्टीला दिवसभर चहावर राहायचं आणि चंद्रोदयाला जेवायचं, हे मायग्रेनवाल्याला पत्रिका पाठवून बोलावणं आहे. डॉक्टर म्हणाले उपाशी राहू नका, आई म्हणाली मी काही म्हणत नाही पण. त्या "पण"वर बरीच चर्चा होऊन असं ठरलं की फराळ वेळच्या वेळी करायचा, निर्जळी काही करायचं नाही, आणि नवरात्रात नऊऐवजी उठता-बसता. म्हणजे पहिला आणि शेवटचा दिवस. हे आईने स्वतः सुचवलं, याची नोंद व्हावी.

आता कसं आहे म्हणाल तर गेलेलं नाही. जाईल असं डॉक्टरांनीही कधी म्हणलं नाही. पण कालनिर्णयमध्ये कोरे चौकोन दिसायला लागलेत, काही महिन्यांत कोऱ्यांची संख्या जास्त भरते, काहींत नाही. लग्नसराईत पुन्हा बिघडतं. अटॅकसाठी आता सुमाट्रिप्टान असतं, पण तेही महिन्यात दहा दिवसांच्या आत, म्हणून ती गोळी काढताना वहिनी आधी भिंतीकडे बघते. संध्याकाळी तपोवनाकडे चालायला जाते, सिंहस्थाच्या कामांनी सगळा रस्ता उकरलेला, धूळ, डंपर, पण जाते. मशीनवर बसून मान अवघडायच्या आत दर अर्ध्या तासाला उठायचं म्हणून मोबाइलवर अलार्म लावलाय, तो वाजला की टाका अर्धा ठेवून उठते आणि गिऱ्हाइकाशी बोलणंही उभ्यानेच करते. नातेवाइकांची कुजबुज थांबलीये का? नाही. आता ती अशी आहे की एवढ्या साध्या डोकेदुखीला एवढं औषध.

काल जेवताना म्हणाली, यंदा रंगपंचमीला शनी चौकातली रहाड, म्हणजे रंगाच्या पाण्याचा तो मोठा हौद, बघायची. लग्न होऊन पंचवटीत आल्यापासून तिने ती एकदाही बघितलेली नाही, दरवर्षी त्या दिवशी खिडकीला परकर असायचा. दादाने लगेच पाढा सुरू केला, दुपारचं ऊन, ढोल, रंगाचा वास, गर्दी. ती म्हणाली उडी मारायची नाहीये मला, मैत्रिणीच्या गॅलरीतून बघणार, गॉगल आहे, कानात कापूस घालीन, जेवून जाईन. आई म्हणाली, मग निघायच्या आधी एक गोळी घेऊनच जा. "आई, आधी घ्यायची नसते," वहिनी म्हणाली, आणि आईने ऐकून घेतलं. दादाचं अजून 'बघू' चालू आहे, पण वहिनीने त्या दिवशीच्या सगळ्या साड्यांच्या पिशव्यांवर पुढच्या सोमवारची तारीख टाकूनही ठेवलीये.